दृढीकरणाच्या मुलांना इंग्रजी बायबल द्यायचं तर कुठलं?

संडेस्कूलवाली (नाशिक)

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला यंदा अकरा मुलं आहेत. वर्ग मी घेते. अकरातली नऊ इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतात, उपासनेत गाणी मराठीच म्हणतात, पण पवित्र शास्त्र हातात देऊन ओवी वाच म्हटलं की जोडाक्षरांना अडखळतात, आणि 'खचीत खचीत' म्हणजे काय ते आधी मला विचारतात. महिला मंडळाने ठरवलंय की दृढीकरणाच्या दिवशी प्रत्येकाला मराठीबरोबर एक इंग्रजी बायबलही भेट द्यायचं. कुठलं घ्यायचं ते माझ्यावर सोपवलंय.

गेल्या रविवारी योहान १५ घेतला होता. "मीच खरा द्राक्षवेल." प्रत्येकाने आपापल्या पुस्तकातून नाहीतर मोबाइलवरून पहिली ओवी वाचायची. पित्यासाठी एकाच्या पुस्तकात निघालं 'हजबंडमन', दुसरीच्या मोबाइलवर 'गार्डनर', तिसऱ्याकडे 'वाइनड्रेसर', आणखी एकीकडे 'वाइनग्रोअर'. आपल्या मराठीत 'माळी'. 'हजबंडमन' वाचणारा मुलगा मध्येच थांबला. म्हणाला, "टीचर, इथे नवरा कुठून आला?" कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या आजोबांची निफाडकडे बाग आहे, हळूच म्हणाली, "आमचे आजोबा माळी नाहीत, बागायतदार आहेत."

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मूळ शब्द एक असताना चौघांनी चार शब्द का घातले? मुलं हे पुस्तक घेऊन पुढची पन्नास वर्षं जगणार आहेत, त्यामुळे दुकानात जे गठ्ठ्याने मिळेल ते उचलून आणायची माझी तयारी नाही. कुणी नीट वापरलेली, तपासलेली भाषांतरं असतील तर मोकळेपणाने सांगा.

गोदाकाठचा जुना

ताई, सलाम. मी निवृत्त शिक्षक, इंग्रजीच शिकवायचो. माझं मत सरळ आहे: किंग जेम्स.

१६११ चं भाषांतर आहे, सत्तेचाळीस-एक विद्वानांनी केलेलं, आणि त्यातला फार मोठा भाग त्याआधीच्या विल्यम टिंडेलचा आहे. त्याने १५२६ मध्ये नवा करार इंग्रजीत छापला आणि १५३६ मध्ये त्या कामासाठी जीव दिला. त्यातलं वाक्य कानाने घडवलेलं आहे. देवळात उभं राहून मोठ्याने वाचायचं म्हणून लिहिलंय, म्हणून ते पाठ होतं. माझे वडील गेले तेव्हा स्मशानात मी तेविसावं स्तोत्र पुस्तक न उघडता म्हटलं. एनआयव्ही, म्हणजे आजच्या इंग्रजीतलं भाषांतर, वाचून चाळीस वर्षांनी कुणाला तसं म्हणता येईल, असं मला वाटत नाही.

आणि आपल्या नाशिकातल्या शरणपूरच्या मिशनचा इतिहास विसरू नका. मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टनचं हृदय १८७३ मध्ये आफ्रिकेत झाडाखाली पुरलं, तेव्हा इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. गुलामीतून सुटलेला हा मुलगा इथल्याच मिशन शाळेत शिकलेला. इंग्रजी बायबलची पहिली मोठी सुधारित आवृत्ती यायची होती १८८१ ला, म्हणजे त्याच्या काळी इंग्रजी शास्त्र म्हणजे किंग जेम्सच. ही भाषा नाशिकला परकी नाही.

आणखी एक. आजच्या इंग्रजीत एकवचनी, अनेकवचनी दोन्हीला 'यू'. किंग जेम्समध्ये 'दाउ' आणि 'यी' वेगळे आहेत, आपल्या तू-तुम्हीसारखे. लूक २२:३१-३२ काढा. सैतानाने 'तुम्हा' सगळ्यांना चाळायला मागितलंय, पण मी 'तुझ्या'साठी विनंती केली आहे, असं प्रभू पेत्राला म्हणतो. धोका सगळ्या शिष्यांना, प्रार्थना त्या एकासाठी. आजच्या नुसत्या 'यू'मध्ये हे दिसतच नाही.

संडेस्कूलवाली

काका, लूकची ओवी आत्ता काढून पाहिली. अंगावर काटा आला. पण 'आय शॅल नॉट वाँट' वाचून माझ्या वर्गातल्या दोघांना वाटलं होतं की दावीद म्हणतोय, मला मेंढपाळ नको. मराठीत "मला काही उणे पडणार नाही" म्हणून दाखवलं तेव्हा कुठे चेहरे उजळले.

आल्फा

मी काही वर्षं धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलंय, जेमतेम ग्रीक येतं, तेवढ्यावर लिहितो.

ताई, योहान १५:१ मधला शब्द 'गेओर्गोस'. सरळ अर्थ शेतकरी, जमीन कसणारा. याकोब ५:७ मध्ये शेतकरी पावसाची वाट पाहतो, तिथे अगदी हाच शब्द आहे. एनआयव्ही, ईएसव्ही, एनआरएसव्ही या तिन्ही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी तिथे 'फार्मर' घातलंय आणि आपल्या मराठीत 'शेतकरी'. योहानात मात्र वेल आहे म्हणून एनआयव्ही 'गार्डनर' म्हणते, ईएसव्ही 'वाइनड्रेसर', एनआरएसव्ही 'वाइनग्रोअर'. किंग जेम्स दोन्हीकडे 'हजबंडमन'च ठेवते. तेव्हाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ शेतकरी होता. तुमच्या वर्गातली मुलगी बरोबर होती. मुळाला सगळ्यात जवळचा शब्द तिचा.

आता भाषांतरांबद्दल. एक पद्धत शब्दाला शब्द ठेवायची, वाक्य थोडं अवघड झालं तरी चालेल. एनएएसबी आणि ईएसव्ही (२००१) तिकडच्या. दुसरी पद्धत अर्थ उचलून आजच्या भाषेत मांडायची. भाषाशास्त्रज्ञ युजीन नायडा यांनी ती शास्त्रशुद्ध मांडली, त्यातून गुड न्यूज बायबल आलं, नवा करार १९६६ आणि पूर्ण १९७६. एनएलटीही त्याच बाजूला. एनआयव्ही (१९७८, शेवटची मोठी सुधारणा २०११) दोन्हींच्या मधे चालते. 'द मेसेज' मी भाषांतर म्हणून देणार नाही. ते एका पाळकाने आपल्या बोलीत केलेलं सांगणं आहे, मनन म्हणून छान, पण वर्गात "शास्त्र काय म्हणतं" या प्रश्नाला ते पुरत नाही.

मुलांसाठी एक सोपी कसोटी सांगतो. स्तोत्र १३६ उघडा. सव्वीस ओव्या आणि प्रत्येकीला एकच पालुपद. आपल्याकडे "त्याची दया सनातन आहे". मूळ हिब्रू शब्द 'हेसेद', म्हणजे करार पाळणारी, न सुटणारी माया. किंग जेम्स 'मर्सी', एनआयव्ही नुसतं 'लव्ह', ईएसव्ही 'स्टेडफास्ट लव्ह'. अर्ध्या वर्गाने ओवी म्हणायची, अर्ध्याने पालुपद, सव्वीस वेळा. तिन्ही करून बघा. 'स्टेडफास्ट लव्ह' अर्थाने सगळ्यात भरीव आहे, पण सव्वीस वेळा म्हणताना मुलांची जीभ थकते. 'लव्ह' सहज म्हटलं जातं, पण हिब्रूतला अर्धा माल वाटेत सांडतो. भाषांतर करणाऱ्याची अडचण तेव्हा मुलांना स्वतःच्या तोंडात कळेल.

निफाडचा मळा

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. शोधत होतो द्राक्षाच्या फवारणीबद्दल आणि हा धागा समोर आला. पहिला प्रश्न वाचला आणि उठवेना. मुलीने आजोबांना बागायतदार म्हटलं, ते वाचून फार बरं वाटलं.

मला इंग्रजी बेताचंच येतं, तेव्हा त्यातलं बोलत नाही. पण पुढची ओवी कुणी वाचून दाखवाल का? वेलीचं काय करतो म्हणे तो शेतकरी?

संडेस्कूलवाली

दादा, तुमचं मनापासून स्वागत. मराठीत असं आहे की माझ्यातला फळ न देणारा प्रत्येक फाटा तो काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्या प्रत्येक फाट्याला अधिक फळ यावं म्हणून तो साफसूफ करतो. इंग्रजीत किंग जेम्स म्हणते 'पर्ज', एनआयव्ही, ईएसव्ही म्हणतात 'प्रून'.

निफाडचा मळा

मग हा माणूस नक्की द्राक्षवाला आहे.

आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा सगळं खरडून काढतो आणि ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, नवी काडी तयार करतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. काडीत घड कुठल्या डोळ्यात (कोंबात) आहे ते तपासून तेवढे डोळे राखून कापायचं. बाहेरचा माणूस ऑक्टोबरात बागेत आला तर म्हणतो, अरेरे, चांगली हिरवी बाग कापून टाकली. पण छाटली नाही तर नुसता पाला माजतो. त्यानंतर फूट निघते, तिच्यात वांझ फूट असते, फेलफूट असते, ती हाताने मोडून काढायची. आणि घड असलेल्या फुटीलाही तसंच सोडत नाहीत. शेंडा मारतात, घडाजवळची पानं काढतात, मण्यांची विरळणी करतात, म्हणजे हवा खेळते आणि मणी फुगतो.

म्हणजे दोन कामं वेगळी आहेत. वांझ फूट जाते. फळाची फूट राहते, पण तिच्यावर जास्त हात फिरतो. तुमच्या मराठीतलं 'साफसूफ' ऐकून मला आधी झाडलोट वाटली. पण विरळणी करणाऱ्या बाया तेच तर करतात, घड साफ करतात. इंग्रजीतला 'प्रून' म्हणजे छाटणीच ना? तोही बरोबर. फक्त छाटणी म्हटलं की कात्री डोळ्यापुढे येते, साफ करणं म्हटलं की बोटं.

आल्फा

दादा, तुम्ही ग्रीक न येता ग्रीक उलगडलंत. मुळातलं क्रियापद 'कथाइरेइ', स्वच्छ करतो. आणि पुढच्याच ओवीत प्रभू शिष्यांना म्हणतो, तुम्ही आधीच स्वच्छ आहात, 'कथारोइ'. एकाच धातूचे दोन शब्द, पाठोपाठ. 'प्रून' वापरलं की वेलीचं चित्र नीट येतं पण हा दुवा तुटतो. एनआयव्हीने तळटीपेत सांगितलंय की 'प्रून'साठीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ स्वच्छ करणं असाही होतो. किंग जेम्सच्या 'पर्ज'मध्ये दुवा टिकतो, पण वेल हरवतो. म्हणूनच म्हणतो, तळटीपा नसलेली स्वस्त आवृत्ती मुलांना देऊ नका. सगळी मारामारी तिथे लिहिलेली असते.

पहिल्या क्रियापदाचा, 'आइरेइ'चा, अर्थ काढून टाकणं असाही होतो आणि उचलणं असाही. काही जण म्हणतात, पडलेली फांदी तो उचलून धरतो. बहुतेक इंग्रजी भाषांतरं मात्र कापण्याच्या बाजूची आहेत.

निफाडचा मळा

लोंबणारी फूट आम्ही उचलून सुतळीने तारेला बांधतो, हेही खरं आहे. पण वांझ असेल तर नाही बांधत. मला कापण्याचा अर्थच पटतो.

मरियमची लेक (नाशिकरोड)

मी कॅथलिक, आमच्याकडे निवड जरा वेगळी आहे म्हणून लिहिते. आमच्या बायबलमध्ये त्र्याहत्तर पुस्तकं, तुम्हा प्रोटेस्टंटांच्यात सहासष्ट. तोबित, यहुदिथ, मक्काबी वगैरे तुमच्या नेहमीच्या एनआयव्हीत नाहीत. (१६११ च्या किंग जेम्समध्ये ती होती, वेगळ्या भागात छापलेली. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.) भारतातल्या इंग्रजी मिस्सेची वाचनं २०२० पासून ईएसव्हीच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात. त्याआधी मी लहानपणापासून जेरुसलेम बायबल ऐकलेलं, १९६६ चं, त्यात देवाचं नाव 'याहवे' असं सरळ छापलेलं. त्याची सवय मोडायला मला वेळ लागला.

२००८ मध्ये मुंबईहून न्यू कम्युनिटी बायबल निघालं होतं. टिपांमध्ये भारतातल्या इतर धर्मग्रंथांचे संदर्भ, चित्रांत साडीतली, कपाळावर टिकली असलेली माणसं. खूप वाद झाला, पुढे बदल करून पुन्हा काढलं. मला स्वतःला ती चित्रं आवडली होती. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला आमच्या रस्त्यावरून जी गर्दी जाते तीत सगळ्या धर्माची माणसं असतात, साडी-टिकलीतल्या बायका पायरीला हात लावून आत जातात. बायबलमधल्या चित्रात त्या दिसल्या तर बिघडलं कुठे?

मराठीसाठी एक सुचवू? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल मुलांना द्या. त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळालाय. तुमच्या 'खचीत खचीत'चा प्रश्नच सुटेल.

थोमा

सगळे गोड बोलताय पण मूळ मुद्दा कुणी घेतला नाही. एनआयव्हीत ओव्याच गायब आहेत. प्रेषितांची कृत्ये ८:३७ काढा. छत्तीसनंतर एकदम अडतीस. मत्तय १७:२१ नाही, १८:११ नाही. देवाच्या वचनातून काढून टाकायचा अधिकार यांना कुणी दिला? मुलांच्या हातात कापलेलं पुस्तक देऊ नका, एवढीच कळकळीची विनंती.

आल्फा

थोमादादा, तुमची कळकळ खरी आहे आणि मुलांनाही हा प्रश्न पडेलच, म्हणून सविस्तर लिहितो. किंग जेम्सच्या वेळी हाताशी होता तो ग्रीक नवा करार इरास्मस या विद्वानाने १५१६ पासून छापलेल्या परंपरेतला, म्हणजे थोड्या आणि बऱ्याच उशिराच्या हस्तलिखितांवरून. पुढे चौथ्या शतकातली हस्तलिखितं अभ्यासकांना नीट पाहायला मिळाली: सिनाईच्या मठातलं आणि व्हॅटिकनमधलं. त्यांत कृत्ये ८:३७ नाही. म्हणजे ओवी आजच्यांनी काढली असं नाही, मधल्या काळात नकलाकाराने घातलेली दिसते, बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायची कबुली म्हणून. आणि एनआयव्ही ती लपवत नाही, तळटीपेत देते. ओव्यांचे आकडेही सोळाव्या शतकात पडले, म्हणून मधला आकडा रिकामा दिसतो.

निफाडचा मळा

थोमाभाऊ, आमच्याकडचं सांगतो, पटलं तर घ्या. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता पाठ बिघडले होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, जुन्या प्रती जमवून शुद्ध प्रत तयार केली. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. नाथांनी ज्ञानेश्वरी कापली असं आमच्यात कुणी म्हणत नाही. शुद्ध केली म्हणतो. माझे आजोबा पोथीला हात लावायच्या आधी नाथांचं नाव घ्यायचे.

थोमा

हे वेगळं आहे असं मला अजूनही वाटतं. पण नाथांचं उदाहरण घरी जाऊन विचार करण्यासारखं आहे. धन्यवाद, भाऊ.

गोदाकाठचा जुना

थोमा, मीही किंग जेम्सवालाच, पण एक सांगतो. त्या भाषांतरकारांनी स्वतःच प्रस्तावनेत लिहिलंय की वेगवेगळी भाषांतरं असणं अर्थ शोधायला उपयोगाचं असतं, आणि शंका होती तिथे समासात दुसरा पाठही दिलाय. शिवाय आपण जी किंग जेम्स वाचतो ती बहुतेक १७६९ मध्ये ऑक्सफर्डला सुधारलेली. तीसुद्धा कुणीतरी हात फिरवूनच आपल्यापर्यंत आली आहे.

रूथ (ओझर)

माझा एकच मुद्दा, आणि तो अकरातल्या मुलींसाठी. ताई, पुस्तक घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या रोमकरांस १६ उघडा. पहिल्या ओवीत फीबी नावाची मंडळीतली बाई. ग्रीक शब्द 'दियाकोनोस'. किंग जेम्स आणि ईएसव्ही तिला 'सर्व्हंट' म्हणतात, एनआरएसव्ही आणि २०११ ची एनआयव्ही 'डीकन', म्हणजे मंडळीची पदाधिकारी. सातव्या ओवीत युनिया, तीही बाईच. एनआयव्हीत ती प्रेषितांमध्ये नावाजलेली, ईएसव्हीत प्रेषितांना माहीत असलेली. 'मध्ये' आणि 'ना', एवढ्या दोन प्रत्ययांवर एका बाईची जागा ठरते. ईएसव्ही बाकी कितीही काटेकोर असो, मी माझ्या मुलीला ती पहिली म्हणून दिली नाही.

पत्रांमधल्या 'अदेल्फोइ'चंही तेच. जुनी भाषांतरं 'ब्रदरन', एनआयव्ही २०११ आणि एनआरएसव्ही 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'. काही जण याला आजची फॅशन म्हणतात. पण आपले पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की पहिला शब्द 'बंधुभगिनींनो' असतो, कारण समोर दोघेही बसलेले असतात. पौलाच्या समोरही होते.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ ला ते छापून निघालं. मुलींना हे भेट देताना पहिल्या पानावर हे लिहून द्या.

आल्फा

ताई, शेवटचं सांगतो. कुठलंही इंग्रजी घ्या, पण मराठी शेजारी उघडं ठेवा. मार्क ४:३८, वादळातली नाव. शिष्य म्हणतात 'वी पेरिश'. इंग्रजीत 'वी' एकच, ग्रीकमध्येही एकच. मराठीत मात्र ठरवावं लागतं: 'आम्ही बुडतोय' की 'आपण बुडतोय'? आम्ही म्हटलं तर येशू त्या बुडण्यात नाही. आपण म्हटलं तर तोही त्याच नावेत. वर्गाला विचारा आणि गप्प बसून ऐका. हा प्रश्न इंग्रजाला पडूच शकत नाही, आपल्याच मुलांना पडू शकतो.

संडेस्कूलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात नावेचा प्रश्न विचारला. पाऊण तास चालला. सहा जण 'आपण'च्या बाजूने, चार 'आम्ही'च्या, आणि हजबंडमनवाला मुलगा म्हणाला, "ते घाबरले होते टीचर, घाबरल्यावर माणूस आम्हीच म्हणतो." मी त्यावर काही बोलले नाही.

ठरलं ते असं. भेट म्हणून एनआयव्ही, २०११ ची, तळटीपांसह. मुलांना एकट्याने वाचता येईल असं तेच आहे, फीबी आणि युनियाही तिथे आपल्या जागेवर आहेत. वर्गाच्या टेबलावर ईएसव्ही, एनआरएसव्ही आणि किंग जेम्सची एकेक प्रत कायमची, मराठी दोन्ही, पवित्र शास्त्र आणि सुबोध. काका, तेविसावं स्तोत्र मात्र सगळे किंग जेम्समधूनच पाठ करणार, आधी 'वाँट'चा अर्थ सांगून. तुम्ही एका रविवारी येऊन म्हणून दाखवाल का? रूथताई, पहिल्या पानावर काय लिहायचं ते तुमच्या अक्षरात हवंय.

निफाडच्या दादा, एक विनंती. मुलांना योहान १५ पुस्तकात पुरेसा वाचून झालाय. तुमच्या बागेत आणू का?

गोदाकाठचा जुना

येतो. पुस्तक आणणार नाही.

निफाडचा मळा

आणा की. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोडी छाटणी धरली आहे. सकाळी आठला पोचा, अकरानंतर ऊन चढतं. प्रत्येकाला कात्री देईन, पण काडी कुठे धरायची आणि किती डोळे राखायचे ते आधी दाखवीन, त्याशिवाय कुणी कापायचं नाही. छाटणीच्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतो, ते औषध कडक असतं, तेव्हा लेकरं बागेत नकोत. मग डिसेंबरात विरळणीला परत आणा. साफसूफ म्हणजे काय ते बायांच्या शेजारी बसून बघतील.